अँजिओप्लास्टीनंतरही दम लागतो. फुफ्फुसे तपासून घ्यावीत का?

प्रश्न : आईचे वय ६४. अँजिओप्लास्टी होऊन बराच काळ लोटला असून टूडी एकोही (हृदयाची सोनोग्राफी) समाधानकारक आहे, तरी एक जिना चढताना तिला थांबावे लागते आणि सकाळी खोकल्याबरोबर पांढरट कफ पडतो. तंबाखूचे व्यसन नाही. मात्र अर्धे आयुष्य चुलीपुढे गेले. हृदयविकार म्हटल्यावर दम लागायचाच, हे उत्तर पटत नाही.

उत्तर १ : पटू नयेच. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार, केवळ विडी-सिगारेटमुळे होत नाही. लाकूड आणि गोवऱ्यांचा धूरही त्यास कारणीभूत ठरतो. दम लागणे हे दोन्ही आजारांचे लक्षण असल्याने दोष हृदयाच्या माथी मारला जातो, आणि सुरुवातीच्या सीओपीडीत छातीचा एक्स-रे बहुधा नॉर्मलच येतो. स्पायरोमेट्री ही फुफ्फुसांची चाचणी करून घ्यावी : नाकाला चिमटा लावून, पूर्ण श्वास भरून, नळीत जोराने आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचे असते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिले, तर अडथळा कायमचा समजतात.

उत्तर २ : एक पुरवणी. हार्ट फेल्युअरमुळे (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडल्याने) फुफ्फुसांत पाणी साचले असेल, तर ही चाचणी फसवी ठरू शकते. प्रकृती स्थिर असतानाच ती करावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सीओपीडी निघाल्यास मेटोप्रोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करणारे औषध बंद करावे लागेल का?

उत्तर १ : सहसा नाही. ते मुख्यतः हृदयावर काम करते, श्वासनलिकांवर कमी, आणि सीओपीडीतही बहुतेकांना चालते. परस्पर मात्र मुळीच थांबवू नये.