मदत हवी आहे: मुलीचं पुस्तक काढून घेतलंय, परत द्यावं का?

चारभिंती (सातारा)
कृपया लवकर सांगा, रविवारी माझी बहीण येतेय, त्याआधी हे मिटायला हवं. मुलांबरोबर वाचा, म्हणजे ती बोलती होतात, असं कुणीतरी डोक्यात भरवलं म्हणून मुलगी वाचतेय तेच पुस्तक मीही घेतलं. तिचं केव्हाच संपलं, मी अजून चाचपडतेय. परवा तिच्या कंपासमध्ये जे सापडलं ते बघून माझे हातपाय गार पडले. पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन दिवस ती जेवते, शाळेत जाते, पण माझ्याशी एक शब्द बोलत नाही. असली पुस्तकं या वयात द्यावीत का? ज्यांनी मुलांबरोबर वाचलीत त्यांनीच सांगा. 'आमच्या काळी' नको.

भडंग
कोणतं पुस्तक?

वाटाड्या
वय किती? आणि कंपासमध्ये सापडलं काय? निम्मी गोष्ट पोटात ठेवून सल्ला मागताय.

निवृत्त गुरुजी
नमस्कार ताई. मुलगी मोबाईलवर वाचते का? अंधारात वाचत असेल तर डोळे तपासून घ्या. आमच्या नातवाला सहावीतच चष्मा लागला.

चारभिंती
गुरुजी, कपाटात कुलूप लावलंय म्हटलं, म्हणजे कागदाचंच ना. हंगर गेम्स, पहिला भाग. तेरा पूर्ण. ती सेमी इंग्रजीची, मी पहिलीपासून मराठी माध्यम. एका पानाला दहा मिनिटं लागतात. लॉटरी काढून पोरं एकमेकांना मारायला पाठवतात, एवढं कळलंय. तेवढं पुरे आहे.

भडंग
मग सिनेमाच बघा ना! २०१२चा आहे. अडीच तासांत विषय संपला, दोघी एकत्र बसा, पॉपकॉर्न करा.

हळदीचं पोतं (सांगली)
सिनेमाने काम होणार नाही. पुस्तक सगळं त्या मुलीच्या तोंडून आहे, वर्तमानकाळात. मी जाते, मी बघते, मला भूक लागलीये, असं. तिच्या मनात काय चाललंय ते पडद्यावर दिसत नाही, नुसती पळापळ दिसते. वाक्यं छोटी आहेत, पहिली पन्नास पानं रेटा, मग वेग येतो. मी माझ्या मुलाबरोबर तिन्ही वाचले. तिसऱ्या भागाला मात्र तयारीने बसा, कारण त्यात [रहस्यभेद काढला आहे. संपादक]

भडंग
अहो काय हे! मी दुसऱ्यावर आहे!

कोरेगावचा घेवडा
आमच्या काळी... बरं, राहिलं. पण ही गोष्ट नवीन कुठे आहे? एकचक्रा नगरीतला बकासुर. रोज एका घराची पाळी, गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा नेणारा माणूस. पाचवीतल्या पोराला आजी हे रात्री झोपताना सांगायची, तेव्हा कुणी महाभारताला कुलूप लावलं नाही.

वाटाड्या
तिथे भीम जातो आणि राक्षसाला मारून येतो. पोरगं निवांत झोपतं. इथे चोवीस पोरं जातात आणि ती एकमेकांनाच मारतात. राक्षस वर बसून टाळ्या वाजवतो. फरक आहे की नाही?

कोरेगावचा घेवडा
कुंतीने दुसऱ्याच्या घरची पाळी आपल्या अंगावर घेतली, स्वतःचा मुलगा पाठवला. यात ती मुलगी बारा वर्षांच्या बहिणीचं नाव निघाल्यावर मी जाते म्हणून पुढे होते. तीच गोष्ट आहे, घोटून बघा.

हळदीचं पोतं (सांगली)
मला तर १९४३चं पत्री सरकार आठवलं. राजधानीतल्या इंग्रज सरकारला न जुमानता गावोगावी आपलं राज्य, आपला न्यायनिवाडा. मुलाला वाचता वाचता मी नाना पाटलांची गोष्ट सांगितली. त्या सरकारचं ठाणं, कुंडल, आमच्याच जिल्ह्यात.

कोरेगावचा घेवडा
'आमच्याच' म्हणजे? १९४३ला सांगली जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा १९४९ला वेगळा केला, सांगली नाव १९६०ला मिळालं. इतिहास हळदीसारखा फोडणीपुरता वापरू नका.

हळदीचं पोतं (सांगली)
कंदी पेढ्यांएवढा अभिमान आम्हालाही आहे, साहेब.

वाटाड्या
दोघांनी वेगळा धागा काढा. ताई, कंपास?

चारभिंती
सांगते, पण हसू नका. चिठ्ठ्या. घडी घातलेल्या, रबर लावलेल्या, तीसेक असतील. बिल्डिंगमधल्या मुलांची नावं. प्रत्येकाच्या दोन. तिच्या स्वतःच्याही दोन. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी आहे, हिच्याच वयाची, दोघी लहानपणी अंगणात खेळायच्या. तिच्या नावाच्या चौदा. मी मोजल्या. काय वाटलं असेल मला? त्या पोरीवर हिचा एवढा राग का? मी विचारलं तर म्हणाली, तुला कळणार नाही, तू वाचलंच नाहीस. मग कुलूप.

हळदीचं पोतं (सांगली)
ताई, थांबा. हा राग नाही. तुम्ही त्या पानापर्यंत पोचला नाहीत. चिठ्ठी बाराव्या वर्षापासून पडते. बाराव्याला एक, तेराव्याला दोन, करत करत अठराव्याला सात, म्हणजे जुन्या राहतात आणि नव्या वाढतात. हे सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर आणखी चिठ्ठ्या टाकून धान्य नि तेल घेता येतं. एका चिठ्ठीला एका माणसाचं वर्षभराचं, तेही तुटपुंजं. घरातल्या माणसागणिक एक, दरवर्षी. त्याही साठत जातात. नायिका सोळाची आहे, आई, बहीण आणि ती धरून तिच्या वीस झाल्यात.

भडंग
रेशनच की. नाव जास्त वेळा लिहा, तेव्हा धान्य मिळणार.

निवृत्त गुरुजी
मी पुस्तक वाचलेलं नाही, पण गणित शिकवलंय. सोळाव्या वर्षी पाच सर्वांच्या, अधिक तीन माणसं गुणिले पाच वर्षं, पंधरा. वीस. बरोबर. आता तेरा वर्षांच्या मुलीच्या दोन सर्वांच्या. चौदातून दोन गेल्या, बारा राहिल्या. वर्षं दोन. म्हणजे घरात सहा माणसं. ताई, त्या मावशींच्या घरी सहाजण आहेत का?

चारभिंती
आजी, आईवडील, ती धरून तीन भावंडं. सहा.

वाटाड्या
घ्या.

भडंग
गुरुजी, दंडवत.

चारभिंती
मला काय बोलावं सुचत नाहीये. दूध तापत ठेवलंय, नंतर येते.

कोरेगावचा घेवडा
तरीही माझं मत वेगळं आहे. पोरीला कळलं ते चांगलंच, पण कामवालीच्या मुलीचं नाव घालून खेळ मांडायचा म्हणजे काय? उद्या त्या मुलीच्या हातात चिठ्ठ्या पडल्या तर? यावरही बोला तिच्याशी. सगळेच लगेच टाळ्या वाजवायला लागले.

वाटाड्या
हे मात्र खरं. पण आधी कुलूप काढा, मग बोला.

हळदीचं पोतं (सांगली)
लेखिकेचे वडील व्हिएतनामच्या लढाईत होते, ती लहान असताना. युद्ध आणि मुलं हा तिचा विषय तिथून आलाय. मुलीला विचारा, तिला माहीत असेल. माझ्या मुलाने मलाच सांगितलं. एकत्र वाचायचं म्हणजे आपण पुढे राहून राखण करायची असं मला वाटायचं. तो कायम दोन प्रकरणं पुढे असायचा, मी फरफटत मागे.

निवृत्त गुरुजी
वेळ मिळाला तर तिला भिलारला न्या. पुस्तकांचं गाव, २०१७ला सुरू झालं, घराघरांत पुस्तकं मांडलीत.

भडंग
गुरुजी, तिथे मराठी पुस्तकं जास्त, आणि तिला हवाय दुसरा भाग.

चारभिंती
कुलूप काढलं. सॉरी म्हणायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. पुस्तक हातात घेऊन तिने आधी माझी खूण कुठे आहे ते बघितलं. "अजून इथेच?" म्हणाली. मग चिठ्ठ्यांचं काढलं. घेवडेसाहेबांचं म्हणणं मी सांगितलं, माझं म्हणून. खूप वेळ गप्प बसली. चिठ्ठ्या तिने स्वतःच फाडल्या, पण मावशींच्या मुलीलाही ही गोष्ट वाचायला द्यायची म्हणते. तिला इंग्रजी जमत नाही. मग मराठीतून सांगणार कोण, तर म्हणे आई, तू. मी! पान चाळीसवर आहे मी!

भडंग
मग आता जोरात वाचा. दुसरा भाग माझा झाला की देतो, सांगलीत विश्रामबागला येऊन न्यावा लागेल. मागचं पुठ्ठं कुत्र्याने खाल्लंय, पण गोष्ट पूर्ण आहे.