ब्लॅक सबाथचा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा ‘पॅरानॉइड’पेक्षा हेवी अल्बम आहे, असे मला वाटते. आपले मत काय?

तापीकाठचा_गिटारवाला (जळगाव)

नमस्कार मंडळी. ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा १९७१ सालचा अल्बम गेले दोन महिने मी जवळजवळ रोज रात्री ऐकतो आहे आणि त्यावरून आमच्या मित्रमंडळींत रोज वाद झडतो आहे. मित्रांचे म्हणणे असे, की आदल्या वर्षी आलेला ‘पॅरानॉइड’ हाच या बँडचा कळस होय आणि त्याच्यापुढे हा अल्बम संथ, एकसुरी आणि जेमतेम ३४ मिनिटांत उरकलेला वाटतो. मला ते अजिबात पटत नाही. ‘पॅरानॉइड’मधली गाणी मला तोंडपाठ आहेत, ती ऐकताना अंगात वारे संचारते, पण ‘इन्टू द व्हॉइड’ सुरू झाले की छातीवर कोणीतरी सावकाश हात ठेवून दाबत आहे असे वाटते आणि तो दाब गाणे संपल्यावरही बराच वेळ उतरत नाही. हेवी म्हणायचे ते यालाच, असे माझे मत आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. ही जडता नेमकी येते कुठून? ती नुसत्या मोठ्या आवाजातून येत नसावी, कारण घरातले सगळे झोपल्यावर मी अगदी बारीक आवाजात ऐकतो, तेव्हाही ती तशीच जाणवते. दुसरा प्रश्न वाजवण्याविषयी आहे. बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ या तीन गाण्यांसाठी गिटारच्या तारा तीन अर्धस्वरांनी (पेटीच्या तीन पट्ट्यांइतक्या) उतरवल्या होत्या, हे कळल्यावर मीही माझी गिटार तशी उतरवली. परंतु माझ्या तारा इतक्या ढिल्या पडल्या, की सर्वांत जाड तार छेडली की ती फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटून खरखरते आणि बोट जरा जोरात दाबले की सूर चढतो. हाच आवाज त्या अल्बममध्ये इतका भरदार कसा येतो?

निवृत्त_फिटर (भुसावळ)

भाऊ, वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. तुझ्या मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि माझे ते मत आजचे नाही. १९८८ साली माझ्या मावसभावाने मुंबईहून मला हा अल्बम कॅसेटवर भरून आणून दिला होता. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एक बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे शेवटचे ‘इन्टू द व्हॉइड’ नुकते रंगात येते न येते तोच खट्ट आवाज होऊन टेप बंद पडत असे. त्या गाण्याचा पुढचा भाग कसा असेल याचा विचार करण्यात माझी कित्येक वर्षे गेली आणि ते पूर्ण ऐकायला मिळाले तेव्हा मला मुले झाली होती. ते पूर्ण ऐकल्यावर मात्र इतकी वर्षे वाट पाहिल्याचे सार्थक झाले.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या धंद्यातून देतो. आयोमी हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, पत्र्याच्या कारखान्यात काम करणारे. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके गेली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांच्या वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकवली, ज्याची दोन बोटे आगीत भाजून निकामी झाली होती आणि तरीही तो वाजवत होता. त्यानंतर आयोमींनी भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून तिच्या टोप्या केल्या, त्या बोटांवर बसेपर्यंत घासल्या आणि तारेवर पकड यावी म्हणून वरून चामडे चिकटवले. बाजारात हव्या तितक्या बारीक तारांचे संच मिळत नव्हते, म्हणून त्यांनी बॅन्जोच्या तारा गिटारला लावल्या. तारा उतरवणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होती, कारण तार जितकी सैल, तितका दुखऱ्या बोटांवर ताण कमी.

मी स्वतः तीस वर्षे पत्रा कापण्यात आणि वाकवण्यात काढली आहेत. एका कारखान्यात माझ्या शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्या सोबत्याच्या तर्जनीचे पेर माझ्या डोळ्यांदेखत गेले. जखम दीड महिन्यात भरली, परंतु त्याला शर्टाचे बटण लावता येईना आणि टेबलावर पडलेले नाणे उचलता येईना, कारण बोटाच्या टोकाला स्पर्शच उरला नव्हता. चामड्याच्या टोपीखालून तार कुठे आहे हे बोटाला कळत नाही, ते कानानेच ओळखावे लागते, आणि म्हणून त्या वादनात एकही सूर घाईने ठेवलेला नाही. माझ्या मते या अल्बमची जडता तिथून आली आहे.

काळी_एक (धुळे)

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि घरी पेटी वाजवते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. गिटारची सर्वांत जाड तार नेहमी पांढरी तीनमध्ये लावलेली असते आणि तिची कंप्रता सेकंदाला सुमारे ८२ असते. तीन अर्धस्वर उतरवले की ती काळी एकमध्ये येते, म्हणजे सुमारे ६९ कंपने. तारेवरचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून सूर केवळ तीन घरे खाली आला तरी ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. तुमची तार खरखरते ती यामुळेच, कारण कमी ताणाची तार छेडल्यावर जास्त रुंद हेलकावते आणि फ्रेटला लागते. आपण एक-दोन नंबर जाड तारांचा संच लावा, म्हणजे नऊचा असेल तर दहाचा किंवा अकराचा, आणि ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांची उंची किंचित वाढवा. जाड संचाचे वस्तुमान अधिक असल्यामुळे त्याच सुरासाठी ताण पुन्हा वाढतो. आयोमी यांना ढिली तारच हवी होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची बोटे ती हलक्या हाताने हाताळत असत. याच बँडचे गीझर बटलर यांनीही आपली खर्जातली बास गिटार तितकीच खाली उतरवली, त्यामुळे दोन्ही वाद्ये एकाच खोलीवर जाऊन बसली; तुम्हाला ऐकू येणारा भरदारपणा केवळ एका गिटारचा नव्हे.

परंतु निवृत्त फिटर काकांच्या उत्तरात मला एक भर घालावीशी वाटते. केवळ खालच्या पट्टीमुळे अल्बम हेवी होत असता, तर आजच्या निम्म्या बँडनी याहून खाली तारा उतरवल्या आहेत, ते सगळेच याच्या पुढे गेले असते. आपण गाण्यांचा क्रम पाहावा. उतरवलेल्या तारांची तीन गाणी आहेत आणि त्या प्रत्येकाच्या आधी एक शांत रचना ठेवलेली आहे. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’च्या आधी अर्ध्या मिनिटाचे ‘एम्ब्रिओ’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’च्या आधी दीड मिनिटाचे ‘ऑर्किड’, आणि ‘इन्टू द व्हॉइड’च्या आधी पाच मिनिटांचे ‘सॉलिट्यूड’, ज्यात आयोमी यांनी बासरीही वाजवली आहे आणि बँडचे गायक ऑझी ऑस्बर्न इतक्या हळुवारपणे गातात की आवाज त्यांचाच आहे यावर प्रथम विश्वास बसत नाही. अंधारात बसून डोळे सरावल्यावर दिवा लावावा, तसा पुढच्या गाण्याचा पहिला आघात येतो. पुष्कळ लोक या तिन्ही रचना वगळून पुढे जातात आणि मग अल्बम एकसुरी आहे अशी तक्रार करतात. तुमच्या मित्रांचे असे होते का, ते विचारून पाहावे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

ताईंचे क्रमाविषयीचे निरीक्षण मला मनापासून आवडले, तरीही माझे मत मी बदलणार नाही. ३४ मिनिटांच्या अल्बममधून या शांत रचना बाजूला काढल्या तर उरतात पाच गाणी, आणि त्यांपैकी ‘आफ्टर फॉरएव्हर’ मला केवळ शब्दांसाठी आवडते, कारण सैतानाचे पूजक म्हणून ज्या बँडला हिणवले गेले, त्याच बँडने त्यात ईश्वरावरील श्रद्धेची उघड बाजू घेतली आहे. चाल म्हणून ते गाणे मला साधारण वाटते. ‘स्वीट लीफ’च्या सुरुवातीचा आयोमी यांचा खोकला सगळ्यांना आठवतो, परंतु पुढे तेच तेच फार वेळ चालते.

आणखी एक गोष्ट. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र आले तेव्हा त्यांनी चार गाणी वाजवली. त्यांतले एक पहिल्या अल्बममधले होते आणि तीन ‘पॅरानॉइड’मधली. तिसऱ्या अल्बममधले, म्हणजे ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधले, एकही नव्हते. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी ऑझी गेले. स्वतःच्या निरोपाला माणूस कोणती गाणी निवडतो, याला काही अर्थ असतो असे मी मानतो.

निवृत्त_फिटर (भुसावळ)

गिरणाथडी भाऊ, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे, पण त्या दिवशी ऑझी सिंहासनावर बसून गात होते, त्यांना उभे राहणे शक्य नव्हते आणि समोरच्या हजारो लोकांनी त्यांच्याबरोबर गावे अशीच गाणी तिथे हवी होती. निरोपाला लोक तेच गाणे गातात जे सगळ्यांना येते. मी तो कार्यक्रम पाहताना रडलो, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. परंतु रात्री एकट्याने ऐकायचा अल्बम कोणता, हा प्रश्न वेगळा आहे आणि मूळ प्रश्न त्याविषयी होता.

पखवाज_वारी (मुक्ताईनगर)

मी मेटल फारसे ऐकत नाही, पुतण्यामुळे हा अल्बम परवा पहिल्यांदा ऐकला. मी मुक्ताईच्या पालखीबरोबर वारीत पखवाज वाजवतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर आम्ही ओली कणीक थापतो, तिच्या वजनाने पुडीचा सूर खाली उतरतो आणि थापेला घुमारा येतो. वर ताईंनी तार सैल करून सूर उतरवण्याविषयी लिहिले आहे, आमच्याकडे वजन चढवून तेच साधतात. कणीक कमी पडली तर थाप पोकळ लागते, आणि जास्त झाली तर आवाज बद्द होतो, घुमतच नाही. आमच्या भागातल्या उन्हात ती तासाभरात सुकते, मग पाण्याचा हात फिरवून पुन्हा जागेवर आणावी लागते. म्हणून दादा, तारा आणखी खाली उतरवण्याच्या मोहात पडू नका. प्रत्येक वाद्याची एक जागा असते, तिच्याखाली गेले की आवाज जड न होता मरतो. त्या अल्बममधल्या लोकांनी ती जागा बरोबर ओळखली आहे, एवढे मला एकदा ऐकूनही समजले.

तापीकाठचा_गिटारवाला (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल नऊचा संच काढून अकराचा लावला आणि ब्रिज किंचित उचलला. जाड तारेची खरखर जवळजवळ थांबली आहे. सूर चढण्याची खोड अजून उरली आहे, पण ती गिटारची नसून माझ्या हाताची आहे हे ताईंचे उत्तर वाचून लक्षात आले; मी तार दाबत नव्हतो, चिरडत होतो. आज सकाळी ‘इन्टू द व्हॉइड’चा मुख्य तुकडा निम्म्या गतीने, बोट केवळ टेकवून वाजवला, तेव्हा पहिल्यांदा तो घुमला आणि खिडकीची काच बारीक थरथरली.

ताई, आपला अंदाज खरा ठरला. मित्रांना विचारले, तर तिघांपैकी दोघांनी ‘सॉलिट्यूड’ आजवर एकदाही पूर्ण ऐकलेले नव्हते. रविवारी संध्याकाळी ते माझ्याकडे येणार आहेत. ‘ऑर्किड’पासून शेवटपर्यंत दुसरी बाजू सलग लावायची, मध्ये कोणी बोलायचे नाही आणि कोणी मोबाइलला हात लावायचा नाही, असे ठरले आहे.