चार वर्षांचा मुलगा तीन लिप्यांतील पाट्या वाचतो, पण ‘जेवलास का?’ याचे उत्तर देत नाही

शहापूरची आई (बेळगाव)

नमस्कार. माझा मुलगा चार वर्षे तीन महिन्यांचा आहे. घरात मराठी बोलली जाते, शेजारी बहुतेक कन्नडभाषक आहेत आणि बालवाडी इंग्रजी माध्यमाची आहे. अडीच वर्षांचा असताना तो दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे ओळखू लागला आणि साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मराठी व इंग्रजी सलग वाचू लागला. आजोबा त्याला रोज संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर नेत असत. तेथे गाड्यांवरील गावांची नावे ऐकता ऐकता त्याने कन्नड लिपीही उचलली. हल्याळ, गोकाक, सौंदत्ती, निपाणी ही नावे तो आता माझ्याआधी वाचतो.

मात्र ‘जेवलास का?’ असे विचारले तर तो ‘जेवलास का?’ असेच म्हणतो. पाणी हवे असेल तर ‘तुला पाणी हवंय?’ असे म्हणत माझा हात धरून मला माठाकडे नेतो. मुलांमध्ये खेळत नाही, चप्पल घालण्याचा क्रम बदलला तरी रडतो आणि मिक्सर सुरू झाला की कान झाकून घेतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की त्याच्यावर सरस्वती प्रसन्न आहे, बोलायला उशिरा लागेल इतकेच. एका डॉक्टरांनी ‘हायपरलेक्सिया’ हा शब्द उच्चारला आणि सर्व पुस्तके काढून घ्या, घरात एकच भाषा ठेवा, असे सांगितले. पुस्तके कपाटात ठेवली तेव्हा तो दोन दिवस पिठाच्या पिशवीवरील मजकूर वाचत बसला होता. ते पाहून माझे मन फार दुखावले. पुस्तके खरोखर बंद करावीत का? आणि भाषा कोणती ठेवावी?

वाचा-उपचारतज्ज्ञ, टिळकवाडी

ताई, आधी पुस्तके कपाटातून बाहेर काढा. तुमच्या मुलाकडे आज जे सर्वांत बळकट साधन आहे, तेच काढून घेतले तर आपण त्याच्यापर्यंत पोहोचणार कोणत्या वाटेने?

हायपरलेक्सिया ही संज्ञा सिल्बरबर्ग या दोन संशोधकांनी १९६७ मध्ये वापरली. वयाच्या मानाने फार लवकर आणि बहुधा कोणी न शिकवता अक्षरे उकलणे, अक्षरे व अंक यांची अनावर ओढ असणे आणि त्या तुलनेत बोलण्याची व समजण्याची क्षमता मागे असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की हा शब्द वापरला जातो. हे स्वतंत्र निदान नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोवर नोंदवलेल्या अशा मुलांपैकी सुमारे ८४ टक्के मुले स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) कक्षेत आढळली होती. अर्थात ज्यांना अडचण होती तीच मुले तज्ज्ञांपर्यंत पोहोचली असणार, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी तीन गट सांगितले होते: केवळ लवकर वाचू लागलेली मुले, स्वमग्नतेसोबत हे कौशल्य असलेली मुले, आणि स्वमग्नतेसारखी लक्षणे दिसूनही ती वयानुसार ओसरत जाणारी मुले. तुमचा मुलगा कोणत्या गटातील आहे हे इंटरनेटवर वाचून ठरवू नका, आणि तिसऱ्या गटाच्या आशेवर तपासणी पुढे ढकलू नका. प्रथम श्रवणतपासणी, नंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञ यांच्याकडून पूर्ण मूल्यमापन, आणि त्याच काळात वाचा-उपचार सुरू, असा क्रम ठेवावा. उपचार सुरू करण्यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही.

वाचन आणि समजणे यांतील फरक आपल्या भाषांमध्ये अधिक झाकला जातो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचलेले समजणे म्हणजे अक्षरे उकलण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, म्हणजे एक बाजू कितीही मोठी असली तरी दुसरी शून्याजवळ असेल तर हाती काही उरत नाही. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांमध्ये चिन्ह आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ असतो. बाराखडीची गुरुकिल्ली एकदा हाती आली की मूल कधीही न ऐकलेला शब्दही बिनचूक म्हणू शकते आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्याला तो शब्द ठाऊक आहे. तुमचा मुलगा कन्नड पाटी वाचतो, याचा अर्थ त्याला कन्नड येते असा होत नाही.

घरी एक गोष्ट करून पाहा. ‘जग’ हा शब्द आपण दोन प्रकारे उच्चारतो. ‘पाण्याचा जग भरला’ आणि ‘सारे जग झोपले’ ही वाक्ये त्याला वाचायला द्या. लिपी येथे मदत करत नाही, अर्थच मदत करतो. दोन्ही ठिकाणी उच्चार एकच आला, तर अक्षरे उकलली गेली पण वाक्य पोहोचले नाही, असा अंदाज बांधता येतो. ही चाचणी नव्हे, आपला कान तयार करण्याचा एक मार्ग आहे.

आता ‘तुला पाणी हवंय?’ या वाक्याविषयी. तो प्रश्न विचारत नाही. पाणी मिळण्याच्या वेळी जे शब्द कानावर पडतात ते तो अखंड परत देतो. अशी मुले भाषा पुष्कळदा सुट्या शब्दांऐवजी आख्ख्या तुकड्यांनी उचलतात. म्हणून त्याच्या बाजूचे वाक्य त्याला हवे. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘मला पाणी हवे.’ असे लिहा. तो माठाकडे ओढू लागला की काही न विचारता तो पुठ्ठा समोर धरा, त्याने वाचले की लगेच पाणी द्या. ‘काय म्हणायचं? सांग बघू’ असे अजिबात म्हणू नका, कारण तो तेही पाठ करील. त्याच पद्धतीने ‘मला नको.’, ‘आवाज बंद करा.’, ‘मला घरी जायचे आहे.’ हे पुठ्ठे तयार करा. ‘आवाज बंद करा’ हा पुठ्ठा मिक्सरच्या शेजारीच लावून ठेवा.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, असे अभ्यासांमध्ये आढळलेले नाही. ज्या भाषेत तुम्ही त्याला अडखळल्याविना थोपटू शकता, रागावू शकता, गोष्ट सांगू शकता, ती मराठी घरातून काढू नका.

निपाणीचा बाबा

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे तुमचे पत्र वाचताना मला आमचेच जुने दिवस आठवले. वरील मॅडमनी सांगितलेच आहे, मी केवळ घरातील अनुभव लिहितो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर रोजचा क्रम लिहिलेली पाटी असते: दात घासणे, अंघोळ, नाष्टा, रिक्षा. तोंडी सांगितलेले त्याच्या कानावरून वाहून जात असे, लिहिलेले मात्र तो पाळत असे. बदल होणार असेल तर आदल्या रात्री पाटीवर खाडाखोड त्याच्या देखत करतो. ‘उद्या रिक्षा नाही. उद्या बाबा शाळेत सोडतील.’ एवढ्या दोन ओळींनी सकाळचे रडणे थांबले.

गणेशोत्सवात आमची फार ओढाताण होत असे. बेळगावात बहिणीकडे विसर्जन पाहायला गेलो होतो, तेव्हा ढोल-ताशे सुरू होताच तो रस्त्यावर आडवा पडला आणि भोवतालच्या लोकांनी आम्हालाच बोल लावले. पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी सहा पानांची वही केली. ‘आपण कपिलेश्वर तलावाकडे जाणार. ढोल वाजतील. ढोलाचा आवाज मोठा असतो. मी कानाला हेडफोन लावू शकतो. मला नको वाटले तर मी बाबांचा हात दोनदा दाबीन. मग आपण आत्याच्या घरी जाऊ.’ आठ दिवस तो ती वही रोज वाचत होता. त्या वर्षी आम्ही वीस मिनिटे थांबलो, त्याने हात दोनदा दाबला आणि आम्ही निघालो. पुढे समजले की अशा लेखनाला ‘सोशल स्टोरी’ म्हणतात आणि कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने ही पद्धत १९९१ च्या सुमारास रूढ केली.

शाळेबाबत सावध राहा. इयत्ता दुसरीपर्यंत आमच्या मुलाला कन्नड विषयात उत्तम गुण मिळत होते, कारण उतरवून काढणे आणि मोठ्याने वाचणे एवढेच तपासले जात होते. तिसरीत ‘याके’, म्हणजे ‘का’, या शब्दाने सुरू होणारे प्रश्न आले आणि तो एकदम मागे पडला. बाईंना वाटले की तो आळस करतो. वास्तविक त्याला मराठीतील ‘का’ हा प्रश्नही तेव्हा पुरता उमगलेला नव्हता. कोण, काय, कुठे हे प्रश्न पक्के झाल्याशिवाय ‘का’ येत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

मी तीस वर्षे मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता आणि तेव्हा मला हा शब्द ठाऊक नव्हता. तपासणीला साहेब आले की मी त्याला उभा करून पाचवीचे पुस्तक वाचायला लावत असे. सर्वजण कौतुक करीत आणि तो मात्र मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे. त्या कौतुकापलीकडे मी पाहिले नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणून पाहुण्यांसमोर त्याला वर्तमानपत्र वाचायला लावू नये, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आजोबांनाही हे प्रेमाने सांगावे. त्यांनी हौस जरूर करावी, पण बसस्थानकावर पाटी वाचून झाल्यावर ‘या गाडीत बसून आत्याच्या गावाला कोण गेलं होतं?’ असे काही बोलून त्या नावाला माणूस जोडून द्यावा.

अर्थ शिकवण्यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ उपयोगी पडेल. ‘चमचा ताटलीत ठेव.’ ‘चेंडू पलंगाखाली आहे.’ अशा एका ओळीच्या चिठ्ठ्या घरभर ठेवाव्यात आणि वाचून ती कृती त्याच्याबरोबर स्वतः करावी. ‘खाली’, ‘वर’, ‘मागे’ हे शब्द हाताने केल्यावाचून अशा मुलांना लागत नाहीत. गोष्टीचे पुस्तक वाचताना दर पानावर थांबून चित्रातील चेहऱ्याखाली कागदाची पट्टी लावावी: ‘ही मुलगी रडते आहे. तिचा फुगा फुटला.’ पुस्तकाची कमी पाने वाचून होतील, पण वाचलेले त्याच्यापर्यंत पोहोचेल.

खानापूरचा दादा

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी थोडक्यात लिहितो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हायपरलेक्सिया हे नाव नाही, स्वमग्नता मात्र आहे. त्यामुळे मूल्यमापनात तसे निदान झाले तरच प्रमाणपत्राचा विचार करता येतो. ते प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. सीमाभागातील आपल्यासारख्यांची मुले पुढे कोल्हापूरला शिकायला जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. वाचा-श्रवणाच्या सखोल तपासणीसाठी मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला त्यापेक्षा जवळ पडते.

शहापूरची आई (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पुस्तके पुन्हा मांडणीवर आली. श्रवणतपासणी झाली, ऐकू व्यवस्थित येते. मूल्यमापनाची तारीख मिळाली आहे. आजोबांनी पाहुण्यांसमोर वाचून घेणे थांबवले. आरंभी त्यांना वाईट वाटले, पण खानापूरच्या बाईंचे लिखाण मी त्यांना वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लिहिल्या.

पाण्याचा पुठ्ठा अकराव्या दिवशी लागू पडला. त्याने स्वतः पुठ्ठा आणून माझ्यासमोर धरला आणि ‘मला पाणी हवे’ असे वाचले. आता पुठ्ठा दिसला की ‘मला’ म्हणतो, पण पुठ्ठा जवळ नसेल तर पुन्हा ‘तुला पाणी हवंय?’ येते. मी कुठे चुकते आहे का?

वाचा-उपचारतज्ज्ञ, टिळकवाडी

काहीही चुकलेले नाही. पुठ्ठा एकदम काढू नका, त्यावरील अक्षरे कमी करत जा. काही दिवस ‘मला पाणी ___’ असे लिहा, मग ‘मला ___’, मग केवळ ‘म’. प्रत्येक टप्पा स्थिरावल्याशिवाय पुढचा घेऊ नका. आजी-आजोबांनीही त्याच वाक्याने पाणी द्यावे, नाहीतर ते वाक्य केवळ तुमच्याशी जोडले जाईल. आणि बोलीत तुम्ही ‘हवंय’ म्हणत असाल तर पुठ्ठ्यावरही ‘मला पाणी हवंय.’ असेच लिहा. ‘हवे’ हे मी सवयीने सुचवले, ते बदलून घ्या.