चिनी माणसाचं इंग्रजी: मातृभाषेचा पगडा की शिकवण्यातली खोट?

व्याकरणवेडा: चिनी माणसं इंग्रजीत करतात त्या चुका निष्काळजीपणाच्या नसतात, थेट मँडरिनमधून, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतून येतात. 'ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेंट' हे वाक्य घ्या. इंग्रजीत ऑल्दो आणि बट यांतला एकच पुरतो, पण मँडरिनमध्ये 'स्वेइरान... तान्श' ('जरी... पण') ही जोडी. पहिला शब्द आला की दुसरा मागोमाग येतो. 'यिन्वेइ... स्वोयी'चंही तेच, म्हणून 'बिकॉज... सो'. तो, ती, ते या तिन्हींचा उच्चार एकच: 'था'. 'ती'चं वेगळं अक्षर विसाव्या शतकात रूढ झालं, तेही फक्त कागदावर. मग उत्तम इंग्रजी येणारा माणूसही भरभर बोलताना आईला इंग्रजी 'ही' (he, म्हणजे तो) म्हणून जातो. 'ओपन द लाइट' का? दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, सगळ्याला 'खाय' हे एकच क्रियापद चालतं.

उलटतपासणी: अजिबात पटलं नाही. आपलं 'जरी... तरी' काय वेगळं आहे? मराठी मुलंही 'दो... बट' लिहितातच की. आर्टिकल (a, an, the) मराठी माणूस गाळतो, रशियनही गाळतो. 'शी गो' तर इंग्रजांची लहान मुलंसुद्धा म्हणतात. प्रत्येक चुकीवर 'चिनी' शिक्का मारला की शिक्षक सुटतो, मूल अडकतं.

व्याकरणवेडा: 'शी गो'बद्दल मान्य, सगळ्याच चुका मँडरिनमधून येतात हे मागे घेतो. जरी-तरीने मात्र माझंच म्हणणं पक्कं होतं: जोडी मातृभाषेत आहे, म्हणून चूकही आहे. आता उलट बाजू बघा. मराठी मूल ही-शीचा असा घोळ सहसा घालत नाही, कारण तो-ती तोंडात बसलेलं असतं. आपण 'तीन आंबे' म्हणतो. मँडरिनमध्ये आकडा, मग मोजणीचा शब्द, मग नाम, आणि नाम बदलत नाही. म्हणून 'थ्री बुक'.

ध्वनीघर: उच्चारांत तर शंकाच नको. मँडरिन शब्दाच्या शेवटी व्यंजन म्हणून न, ङ आणि थोडाफार र एवढंच येतं. त्यामुळे 'बॅग'चं 'बॅक' होतं किंवा शेवटी स्वर चिकटून 'बॅगा'. 'ग जोरात म्हण' सांगितलं की हा 'बॅगा' आणखी घट्ट होतो. त्याऐवजी आधीचा स्वर लांबवायला लावा: बॅऽऽग, बॅक. इंग्रज कान फरक मुख्यतः त्या लांबीवरून ओळखतो. रोज दहा जोड्या, आधी ऐकून ओळखायच्या, मग म्हणायच्या. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये मात्र प, त, क शेवटी येतात, तिथली अडचण निराळी. सगळ्यांना एकच 'चिनी' म्हणू नका.

आकडेमोड: मोठ्या संख्या कुणी काढल्याच नाहीत! चिनी मोजणी दहा हजारांच्या 'वान'वर चालते. 1,20,000 म्हणजे 12 वान, आणि तोंडून निघतं 'ट्वेल्व थाउजंड'. व्यवहारात ही चूक महागात पडते. उपाय: वानला 10 ने गुणा, की थाउजंड मिळतात. 12 वान म्हणजे 120 थाउजंड. 100 वान म्हणजे 1 मिलियन. लाख-कोटीवाल्या आपल्यालाही 10 लाख म्हणजे 1 मिलियन हे घोकावंच लागतं.

उलटतपासणी: आकड्यांचं पटलं. पण सगळा प्रभाव म्हणजे चूकच का? कँटोनीज 'गा याउ' या धीर देणाऱ्या उद्गाराचं शब्दशः इंग्रजी 'ॲड ऑइल' 2018 साली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात गेलं.

व्याकरणवेडा: गेलं, आणि आनंदच आहे. पण 'ॲड ऑइल' म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतोय ते माहीत असतं. आईला 'ही' म्हणणाऱ्याला आपण चुकलो हेच कळत नाही. त्याला मदत हवी.