पपईची पानं काळी पडली: थंडी, पिठ्या ढेकूण की आमचीच फवारणी? मदत हवी आहे

ताजी_मेथी:
नमस्कार मंडळी. नाशिकला आडगावच्या पुढे आमचं रो-हाऊस आहे. मागे १० बाय १२ फुटांचा मातीचा तुकडा. त्यात एक रेड लेडी पपई (सव्वा वर्षाची, १८ फळं, रोज मोजते), अर्ध्या ड्रमात कागदी लिंबू आणि पिशव्यांमध्ये टोमॅटो-वांगी.

गेल्या आठवड्यात सगळं एकापाठोपाठ झालं. सोमवारी पपईच्या खोडावर आणि फळांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं. मंगळवारी आमच्या यजमानांनी कडुलिंबाचं तेल आणि भांड्यांचा साबण 'अंदाजाने' कालवून भर दुपारी फवारलं. बुधवारपासून ही थंडी. शुक्रवारी सकाळी वरची पानं उकडलेल्या अळूसारखी लोंबत होती, दुपारपर्यंत काळी.

शेजारचे काका म्हणतात झाड तोडा. रोप घेतलं तिथल्या माणसाने बिननावाची पांढरी पावडर पुडीत बांधून दिली आहे. सासूबाई म्हणतात, फळं उतरवा, भाजी करू. मी कोणाचं ऐकू? शिवाय टोमॅटोची फुलं गळताहेत आणि लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा आहेत.

द्राक्षबाग:
ताई, आधी एक सांगा. काळी पडलेली पानं उघड्या आभाळाखाली आहेत का? आणि घराच्या पत्र्याखाली, भिंतीला लागून असलेली हिरवी आहेत का?

ताजी_मेथी:
आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. हो! पत्र्याखालची तीन पानं ठणठणीत. पण फवारा त्यांच्यावरही बसला होता.

द्राक्षबाग:
मग यजमानांची सुटका. ही थंडी आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पानं आपली ऊब थेट वर सोडतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात. डोक्यावर नुसता पत्रा असला तरी ती वाचतात. पपईला १० अंशांच्या खालची रात्र सोसत नाही.

झाड तोडू नका. काळी पानंही आत्ता काढू नका, खालच्या शेंड्याला तेवढंच पांघरूण. शेंडा दाबून बघा, टणक असेल तर फुटेल. मऊ पडून पाणी सुटलं असेल तर तेवढा भाग कापावा लागेल. तोवर युरिया, शेणखत काही नको. नवी लुसलुशीत फूट आली की ती पहिली करपते.

आम्ही बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो. तुम्ही रो-हाऊसमध्ये शेकोटी केलीत तर सोसायटी पेटेल. त्यापेक्षा दुपारी माती ओली करा, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. सूर्य मावळायच्या आत जुनी साडी झाडावरून जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मातीची ऊब आत कोंडेल. सकाळी ऊन आलं की काढा. प्लॅस्टिक पानाला टेकू देऊ नका. टोमॅटोचं म्हणाल तर रात्र १३ अंशांच्या खाली गेली की पराग नीट धरत नाही, फूल गळतं. त्यावर औषध नाही. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, तोवर धीर.

गच्चीवरची_माती:
थंडीचं दादांनी सांगितलं, मी किडीचं सांगते. तो पिठ्या ढेकूण. पुण्यात माझी जास्वंद त्याने दोनदा खाल्ली आहे.

औषधाआधी मुंग्या बघा. पिठ्या जो चिकट गोडवा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. खोडाला कापडी पट्टी बांधून तिच्यावर एरंडेल किंवा ग्रीस लावा, थेट सालीला नको. मग पाण्याचा जोरदार झोत आणि बेचक्यात जुना टूथब्रश. हे ऊन आल्यावर करा, रात्री झाड ओलं राहायला नको. उरलेल्याला लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंब तेल आणि साबणाचे थेंब. चमच्याने मोजून! आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा, फवारणी ऊन उतरल्यावर. पण आत्ता झाड थंडीने मार खाल्लेलं आहे, आठवडाभर ब्रशच बरा.

ती पुडी उघडूसुद्धा नका. पपईचा पिठ्या मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये कोइंबतूरला सापडला आणि पुढे आपल्याकडेही बागा उठवल्या. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, त्यांनी तो आटोक्यात आणला. जहाल विष मारलं की आधी असे मित्रच मरतात.

आणि हो, पांढऱ्या झिपऱ्यांचा, पिठ्यापेक्षा मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर चिरडू नका. ती पिठ्या खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी असते. मी पहिल्या वर्षी सगळ्या मारल्या होत्या.

लिंबावरची नागअळी, ती वेगळी. पान थोडं वाकडं होतं, पण जून पानांना ती शिवत नाही. पानं तोडत बसू नका.

ताजी_मेथी:
शेंडा टणक आहे! झिपऱ्यावाले दोन सापडले, एक काल ब्रशखाली गेला असावा, माफी. पुडी कपाटावर, मुलांच्या हाताबाहेर. टाकायची कुठे ते कोणी सांगेल का? नाल्यात नको वाटतं.

सासूबाईंनी आपली जुनी इरकल काढून दिली, पण चार फळांच्या बदल्यात. उरली १४. काका सकाळी विचारत होते, झाडाचं डोहाळजेवण आहे का म्हणून.