घुमटाच्या टोकाशी अभिलंब शून्य येतो. मग तिथे स्पर्शप्रतल नाही असे समजायचे का?

त्रिमूर्तीनगरची विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सध्या आम्हाला बहुचल कलनातील वक्रपृष्ठांचा भाग शिकवला जात आहे. पृष्ठ दोन प्राचलांनी, म्हणजे वर्गात आम्ही ज्यांना पॅरामीटर म्हणतो त्यांनी, लिहायचे तंत्र मला जमते. परंतु एका ठिकाणी गणित एक सांगते आणि डोळ्यांना दुसरेच दिसते.

सरावासाठी मी दीक्षाभूमीच्या स्तूपाचा घुमट घेतला. तो नेमका अर्धगोल आहे असे धरले, त्रिज्या र = ६० फूट मानली, केंद्र आरंभबिंदूशी ठेवले आणि पुढीलप्रमाणे लिहिले:

क्ष = र साइन(फाय) कॉस(थीटा)
य = र साइन(फाय) साइन(थीटा)
झ = र कॉस(फाय)

यात फाय हा कोन टोकापासून खाली मोजलेला असून तो ० ते ९० अंश जातो, आणि थीटा ० ते ३६० अंश फिरतो. दोन्ही प्राचलांनुसार आंशिक विकलजे काढली, म्हणजे एकच प्राचल बदलल्यास बिंदू कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो ते सांगणारे दोन सदिश, आणि त्यांचा सदिश गुणाकार केला; हाच पृष्ठाला काटकोनात असणारा अभिलंब सदिश. त्याची दिशा केंद्रापासून बाहेरच्या बाजूला आली आणि लांबी र² साइन(फाय) आली. त्याचे संकलन केल्यावर क्षेत्रफळ २ पाय र², म्हणजे सुमारे २२,६२० चौरस फूट आले, आणि ते सूत्राशी जुळते.

अडचण टोकाची आहे. तिथे फाय = ०, म्हणून साइन शून्य, आणि म्हणून अभिलंब सदिशही शून्य. आमच्या टिपणांत असे आहे की हा सदिश शून्य नसेल तर त्या बिंदूशी पृष्ठाला स्पर्शप्रतल, म्हणजे तिथे पृष्ठाला टेकणारे सपाट प्रतल, असते. त्यावरून मी चाचणी परीक्षेत "टोकाला स्पर्शप्रतल नाही" असे लिहिले आणि गुण गेले. कारण विचारले तेव्हा "गोलाला सगळीकडे स्पर्शप्रतल असते, हे दहावीच्या मुलालाही दिसते" एवढेच उत्तर मिळाले. ते मलाही दिसते. मग गुणाकार शून्य का येतो?

धरमपेठेतील निवृत्त अधिव्याख्याता

आपला प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारणाऱ्याला मिळालेले उत्तर अपुरे आहे. आपण टिपणांतले वाक्य उलटे वाचले आहे. "गुणाकार शून्य नसेल तर स्पर्शप्रतल असते" यावरून "गुणाकार शून्य असेल तर स्पर्शप्रतल नसते" असे निघत नाही. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. पाऊस पडला तर अंगण ओले होते. अंगण कोरडे नाही म्हणून पाऊस पडलाच असे मात्र म्हणता येत नाही, कारण कोणी सडाही घातलेला असू शकतो.

परंतु तर्काची चूक दाखवून प्रश्न सुटत नाही, म्हणून गुणाकार शून्य का होतो ते पाहू. थीटा आणि फाय यांच्या प्रतलात एक आयताकृती कागद आहे अशी कल्पना करा. आपली तीन सूत्रे त्या कागदाच्या प्रत्येक बिंदूला घुमटावरची एक जागा देतात, म्हणजे दोन प्राचल हा घुमटावरच्या जागेचा पत्ता आहे. आता कागदाची फाय = ० ही अख्खी कड घ्या. तिच्यावर थीटाचे मूल्य काहीही असले तरी सूत्रांतून (०, ०, र) हा एकच बिंदू बाहेर पडतो. संपूर्ण कड चुरगळून एका टोकाशी गोळा झाली आहे. अर्थातच तिथे थीटा बदलून आपण जागचे हलत नाही, थीटानुसार काढलेले आंशिक विकलज शून्य येते, आणि एक सदिश शून्य झाला की गुणाकार शून्य होणारच. पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाला रेखांश विचारण्यासारखे हे आहे: उत्तर निरर्थक आहे, पण म्हणून ध्रुवाजवळची जमीन फाटलेली नसते. दोष पत्ता लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, घुमटाचा नाही.

पत्त्याची पद्धत बदलून पाहा. क्ष आणि य यांनाच प्राचल माना आणि झ = वर्गमूळ(र² − क्ष² − य²) लिहा. आता टोकाशी दोन्ही दिशांचे उतार शून्य येतात, सदिश गुणाकार (०, ०, १) येतो आणि झ = ६० हे स्पर्शप्रतल सरळ मिळते. मात्र या वर्णनाचा दोष खाली तळाच्या कडेला निघतो, कारण तिथे घुमट सरळ उभा असल्यामुळे उतार अनंत होतो. आपल्या पहिल्या वर्णनाला त्या कडेला काहीही त्रास नव्हता.

जाता जाता: विकलन करताना कोन रेडियनमध्येच घ्यावा. सीमा लिहिताना आपण अंश वापरले आहेत. तेच अंश विकलजांत शिरले असते तर २२,६२० आले नसते.

त्रिमूर्तीनगरची विद्यार्थिनी

सर, मनःपूर्वक आभार. कड चुरगळते हे लक्षात आले. पण मग उलट शंका येते. फुटाण्याच्या कागदी पुडीचे टोक खरोखरच टोकदार असते आणि तिथे स्पर्शप्रतल नाही हे उघड आहे. तिथेही गुणाकार शून्य येतो आणि घुमटाच्या टोकाशीही शून्य येतो. फक्त सूत्रे हातात असतील आणि चित्र नसेल, तर कोणता शून्य पद्धतीचा आणि कोणता पृष्ठाचा हे कसे ओळखायचे?

धरमपेठेतील निवृत्त अधिव्याख्याता

शंकू लिहून पाहू: क्ष = उ कॉस(व), य = उ साइन(व), झ = उ. सदिश गुणाकार (−उ कॉस(व), −उ साइन(व), उ) येतो आणि उ = ० असताना तो शून्य होतो, आपण म्हणता तसा. आता शून्यावर न जाता जवळ थांबा आणि या सदिशाला त्याच्या लांबीने भागा. उ निघून जातो आणि (−कॉस(व), −साइन(व), १) भागिले वर्गमूळ २ उरते. यात व शिल्लक आहे. म्हणजे ज्या बाजूने टोकाकडे याल तसा अभिलंब वेगळा. घुमटावर हेच केल्यास स्थानसदिश भागिले र उरतो, आणि कोणत्याही रेखावृत्ताने वर चढलात तरी तो (०, ०, १) कडेच जातो. सगळ्या वाटांनी एकच दिशा मिळणे हे पृष्ठ निर्दोष असल्याचे चांगले लक्षण आहे. निर्विवाद सिद्धता हवी असेल तेव्हा मात्र, वर केले तसे, त्या बिंदूशी न बिघडणारे दुसरे वर्णन शोधावे.

नकाशे आखणारा

माझे काम भूमापनाचे आहे, म्हणून थीटा आणि फाय यांच्याकडे मी थोडे वेगळ्या सवयीने पाहतो. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९.०९ अंश पूर्व रेखांशावर आहे. गणिताच्या पुस्तकातला फाय ध्रुवापासून मोजतात, त्यामुळे नागपूरचा फाय २१.१५ नसून ६८.८५ अंश होतो, आणि अक्षांश वापरणाऱ्याच्या सूत्रात साइनच्या जागी कॉस येतो. शिवाय भौतिकशास्त्राच्या पुष्कळ पुस्तकांत थीटा आणि फाय यांची नावे अदलाबदल केलेली असतात. उत्तर चुकण्याचे हे कारण मी नवख्या अभियंत्यांत वारंवार पाहिले आहे; अक्षर पाहू नये, कोन कुठून मोजला आहे ते पाहावे.

आंशिक विकलजाची लांबी म्हणजे काय हे नकाशावर प्रत्यक्ष मोजता येते. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, नागपूरच्या अक्षांशावर तो सुमारे १०४ किलोमीटर उरतो, ६० अक्षांशावर जवळपास निम्मा होतो आणि ध्रुवावर शून्य. आपल्याला टोकाशी भेटलेला शून्य तो हाच, आणि तो अचानक उगवत नाही, नागपुरातून निघूनही हळूहळू दिसत जातो. अक्षांशाचा अंश मात्र सर्वत्र जवळजवळ सारखा, सुमारे १११ किलोमीटर. "जवळजवळ" म्हणण्याचे कारण पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती भरतो हे मोजण्यासाठीच ब्रिटिश भूमापक विल्यम लँबटन यांनी दक्षिणेतून उत्तरेकडे मोजणी आणली, आणि १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८२७ साली जर्मन गणिती गाऊस यांनी वक्रपृष्ठांचा जो सिद्धांत मांडला त्यात पृष्ठ दोन प्राचलांनीच लिहिलेले आहे. ते स्वतः त्या काळात हॅनोव्हर राज्याचे भूमापन करत होते, हे आमच्या व्यवसायातील लोक थोड्या अभिमानाने सांगतात.

संत्रेवाली ताई

मी शाळेत गणित शिकवते. वरच्या चर्चेत तिसरी पद्धत राहिली आहे. थीटा तोच ठेवावा आणि फायऐवजी उंची झ हीच दुसरी प्राचल घ्यावी. मग क्ष = वर्गमूळ(र² − झ²) कॉस(थीटा) आणि य = वर्गमूळ(र² − झ²) साइन(थीटा). दोन्ही विकलजे काढून गुणाकार करून पाहा: सगळी वर्गमुळे छाटली जातात आणि उत्तर (क्ष, य, झ), म्हणजे खुद्द स्थानसदिश येतो. त्याची लांबी टोक सोडून सर्वत्र र. वर जाताना परीघ जितका आखडतो, तितकेच उंचीच्या एका इंचामागे पृष्ठावरचे तिरपे अंतर वाढते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना नेमके खोडतात.

याचा अर्थ असा की गोलाच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या तर प्रत्येक चकतीच्या वाट्याला येणारे साल सारख्याच क्षेत्रफळाचे असते, मग चकती मधली असो की शेंड्याची. हा शोध आर्किमिडीजचा आहे. मागच्या हंगामात मी वर्गात एका संत्र्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कापल्या, सालीचे तुकडे आलेखाच्या कागदावर दाबून कडेने पेन्सिल फिरवली आणि मुलांना चौकटी मोजायला लावल्या. मधल्या चकत्यांची पट्टी लांब आणि अरुंद, शेंड्याची टोपी वाटोळी. पाहून कोणीही त्या सारख्या म्हणणार नाही. मधल्या चकत्या छान जुळल्या. शेंड्याच्या जुळल्या नाहीत, कारण आपले संत्रे देठाशी चपटे असते आणि साल सपाट दाबताना फाटतेही. पुढच्या वेळी मी चेंडू घेईन.

मात्र या पद्धतीतही टोकाशी झनुसार काढलेले विकलज अनंत होते. म्हणून टोकाच्या स्पर्शप्रतलासाठी ती निरुपयोगी, क्षेत्रफळासाठी मात्र फारच सोयीची.

नकाशे आखणारा

ताईंच्या प्रतिसादानंतर एक भर घालावीशी वाटते. संपूर्ण गोल एकाच निर्दोष वर्णनात बसत नाही, निदान एक बिंदू बाहेर ठेवावाच लागतो. पण प्रश्नातला घुमट अर्धाच आहे, त्यामुळे तो बिंदू जमिनीखाली ढकलता येतो. घुमटाचा गोल खाली पूर्ण केला असे समजा आणि त्याच्या तळाच्या बिंदूतून तळमजल्याच्या प्रतलातील (उ, व) या बिंदूकडे रेषा काढून ती घुमटाला जिथे भेटेल तो बिंदू घ्या. छेद म = र² + उ² + व² असा लिहिला तर क्ष = २र²उ/म, य = २र²व/म आणि झ = र(र² − उ² − व²)/म. क्षेत्रफळाचा गुणक, म्हणजे सदिश गुणाकाराची लांबी, ४र⁴/म² येतो. तो तळमजल्याच्या वर्तुळात कुठेही शून्य किंवा अनंत होत नाही.

त्रिमूर्तीनगरची विद्यार्थिनी

आत्ताच करून पाहिले. हा गुणक टोकाशी ४ येतो आणि तळाच्या कडेला १ येतो. संकलन करताना उ आणि व यांच्याऐवजी केंद्रापासूनचे अंतर घेतले, तेव्हा दोन ओळींत २ पाय र² आले, म्हणजे पुन्हा तेच २२,६२० चौरस फूट. टोकाचा अभिलंब सरळ वर आहे. ही पद्धत आणि शंकूचे उदाहरण वहीत उतरवून उद्या विभागात नेणार आहे. गुण परत मिळोत किंवा न मिळोत, टिपणांतल्या त्या वाक्यापुढे "उलट खरे नाही" एवढे तरी लिहून घेण्याची विनंती करीन. सर, ताई आणि नकाशेवाले दादा, आपले आभार.