बागेतल्या स्टेनलेस स्टीलच्या शिल्पावर तपकिरी ओघळ

किनारपट्टी:
समुद्रापासून दीडशे मीटरवरच्या सार्वजनिक बागेत तीन मीटर उंचीचं अमूर्त शिल्प आहे. ३ मिमी पत्र्याच्या पिळलेल्या पट्ट्या, आर्गॉन वेल्डिंग, मिरर पॉलिश. कागदोपत्री ग्रेड ३०४. वर्षाच्या आतच जोडांच्या कडेला आणि पट्ट्यांच्या खालच्या अंगाला चहाच्या रंगाचे डाग पडलेत. वरची बाजू मात्र लख्ख. डाग काढायचे कसे आणि परत येऊ नयेत म्हणून काय करायचं?

आर्गॉनवाला:
वरची बाजू लख्ख आहे, तिथेच उत्तर आहे. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालच्या अंगाला ते साचत राहतं. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं. खाऱ्या हवेत फरक पडतो तो त्यानेच. जोडांचं दुखणं वेगळं. वेल्डिंगची निळी-पिवळी झाक जिथे राहते, तिथे खालच्या थरातलं क्रोमियम घटलेलं असतं, गंज तिथूनच धरतो.

ग्रेडची खात्री करून घ्या. चुंबक लावून काही कळणार नाही, स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला जवळपास दाद देत नाही. पीएमआय गनने, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने, जागेवर मिनिटभरात कळतं.

बफमास्तर:
मिरर पॉलिशवर पिकलिंग पेस्ट (वेल्डिंगची झाक काढायची ॲसिडची पेस्ट) लावू नका. चकाकी जाऊन पांढुरका चट्टा उरतो, शिवाय त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. पोरं खेळतात तिथे ते नकोच.

आधी साबणपाण्याने धुवा. झाक आणि बारीक खड्डे कोऱ्या चाकाने बफ करून काढा. लोखंडावर फिरलेली चकती किंवा तारेची घासणी लावलीत तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिनाभरात नवे डाग दिसतात. मग १० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड. उभ्या पत्र्यावर पाणी ठरत नाही, म्हणून सुती फडकी भिजवून चिकटवा आणि अर्धा तास ओली ठेवा, वाळू देऊ नका. हे काम सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत. शेवटी भरपूर गोडं पाणी. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी खारट असलं तर सगळी मेहनत पाण्यात.

बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको, ते हायड्रोक्लोरिक असतं.

किनारपट्टी:
पायाशी, बोल्टांभोवती तर जास्तच गडद आहे.

आर्गॉनवाला:
मग बोल्ट साध्या लोखंडाचे असणार. तो गंज त्यांचाच, शिल्पाचा नव्हे. ते कापून ३१६ चे बोल्ट केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरायच्या रेझिनने, बसवा. शिल्प पोकळ असेल तर सर्वांत खालच्या बिंदूला १० मिमीचं भोक आहे का पाहा, नसेल तर पाणी आत साचतंय.

बफमास्तर:
आणि धुणं सुटणार नाही. शिकागोतल्या ‘क्लाउड गेट’ या स्टेनलेस स्टीलच्या शिल्पाचा खालचा सहा फुटांचा भागसुद्धा दिवसातून दोनदा पुसतात, तिथे तर समुद्रही नाही. तुमच्याकडे ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा, पट्ट्यांच्या खालून पाइप मारून. पावसाळ्यात वरच्या बाजूकडे बघायचीही गरज नाही.